३.४ चित्रकार सावळाराम हळदणकर : जीवन आणि कार्य

चरित्रनायकाच्या कार्याचे श्रेय समाजाने त्याच्याच नावे नोंदवले आहे का, हे तपासणे चरित्रकाराचे एक कर्तव्य असते. सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांच्या चरित्राचा अभ्यास करताना या कर्तव्याची विशेष जाणीव होते.

हळदणकरांचा जन्म १८८२ मध्ये सावंतवाडी येथे झाला. लाखकाम व गंजिफा यांसाठी प्रसिद्ध असलेले हे तत्कालीन संस्थान आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. पुढील शिक्षणासाठी ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेथे त्यांना म. वि. धुरंधर यांच्यासारखे गुरू लाभले. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कलाशिक्षणसंस्था स्थापन केली. १९१८ मध्ये सुरू झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांतही ते होते. १९२५ मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

व्यक्तिचित्रण आणि जलरंग ही त्यांची बलस्थाने. पारदर्शक जलरंगात कागदाचा कोरेपणा हाच उजेड असतो. तो आरंभापासून राखावा लागतो. तैलरंगात चूक झाकता येते, येथे ती सहसा झाकता येत नाही. त्यांच्याच काळात अमेरिकेत आल्फ्रेड स्टिग्लिट्झ छायाचित्राला चित्राची तरलता मिळवून देण्यासाठी झटत होते. हळदणकरांनी मात्र छायाचित्राची अचूकता कुंचल्याने साधली.

१९४५-४६ च्या सुमारास त्यांनी रंगवलेले 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगचित्र याचा उत्तम नमुना होय. हाती दिवा घेऊन उभी असलेली स्त्री दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा करते. ज्योतीच्या उजेडाने तिची बोटे आरक्त होतात आणि मुखही उजळते. यासाठी त्यांची कन्या गीता उभी राहिली होती. हे चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलासंग्रहालयात आहे.

त्याच संग्रहालयात राजा रविवर्मा यांचीही चित्रे आहेत. त्यामुळे अनेकजण हे चित्र रविवर्म्यांचे समजतात. वस्तुतः रविवर्म्यांचे निधन १९०६ मध्येच झाले होते आणि त्यांची ख्याती प्रामुख्याने तैलरंगांतील होती. काल आणि माध्यम या दोन साध्या कसोट्या हा भ्रम दूर करण्यास पुरेशा आहेत.

हळदणकर १९६८ मध्ये निवर्तले. चित्र घरोघरी पोहोचले, परंतु चित्रकाराचे नाव मागे राहिले. ते नाव चित्राशी पुन्हा जोडणे, हेच त्यांच्या चरित्रलेखनाचे प्रयोजन होय.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : एखाद्या कलाकृतीचे कर्तृत्व निश्चित करताना कोणत्या कसोट्या उपयोगी पडतात, ते हळदणकरांच्या उदाहरणाने स्पष्ट करा.