साडीतील मरियामाता : चित्रकार आंजेलो द फोन्सेका

आपल्या घरातील वेदीवर मरियामातेची जी तसबीर असते, ती बहुधा गौरवर्णाची, निळ्या झग्यातील युरोपीय स्त्रीची असते. ती तशीच का, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. आंजेलो द फोन्सेका यांना तो पडला आणि त्यापायी त्यांना गोवा सोडावा लागला.

त्यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांतो इस्तेव्ह या बेटावरील गावी, एका कॅथलिक कुटुंबात झाला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता, मुंबईत इंग्रजांचा. मुंबईस सुरू केलेले वैद्यकीय शिक्षण सोडून ते जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले. परंतु तेथील इंग्रजी वळणाच्या शिक्षणात त्यांचे मन रमेना. मग ते बंगालमध्ये गेले. वंगभंगाच्या काळात, १९०५ साली, भारतमातेचे चित्र रंगविणारे अवनींद्रनाथ टागोर आणि शांतिनिकेतनचे नंदलाल बोस हे त्यांचे गुरू. परकीय सत्तेने लादलेली दृष्टी नाकारून स्वतःच्या नजरेने पाहावे, हा त्या चित्रशाळेचा बाणा होता.

हीच दृष्टी घेऊन ते १९३० च्या सुमारास गोव्यात परतले. त्यांच्या चित्रांतील मरियामाता सावळी, साडी नेसलेली, अनवाणी. येशू भारतीय गुरूच्या रूपात. धर्माधिकाऱ्यांना व प्रतिष्ठित ख्रिस्ती मंडळींना ही चित्रे रुचली नाहीत. पवित्र कुमारिकेचा हा अवमान आहे, असे त्यांना वाटले.

या विरोधकांना आपण सरसकट दोष देऊ नये. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने काढलेल्या फर्मानात ख्रिस्ती पुरुषांना धोतर आणि स्त्रियांना चोळी वापरण्यास मनाई केली होती. युरोपीय पेहराव म्हणजे श्रद्धेची खूण आणि देशी पेहराव म्हणजे संशयाला आमंत्रण, हे पिढ्यान्‌पिढ्या मनावर बिंबविले गेले होते. चर्चमधील मूर्ती आणि तसबिरी तोच धडा शब्दांवाचून रोज गिरवून घेत. अशा समाजापुढे साडीतील मरियामाता उभी करणे म्हणजे त्याच्या जुन्या भीतीलाच हात घालणे होते.

फोन्सेका पुण्यास आले. तेथील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमाने त्यांना आसरा दिला. हा आश्रम अँग्लिकन पंथाचा, त्याचे संस्थापक जॅक विन्स्लो हे इंग्रज! कॅथलिक चित्रकाराला स्वजनांनी दूर लोटावे आणि राज्यकर्त्यांच्या देशातून आलेल्या मिशनऱ्याच्या आश्रमात त्याला घर मिळावे, याचे आम्हाला नवल वाटते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधील स्पॅनिश येशूसंघीय इतिहासकार फादर हेनरी हेरास यांनीही त्यांना मोलाचे प्रोत्साहन दिले. आश्रमातील साध्या खोलीत त्यांनी जलरंगांत शेकडो चित्रे काढली. १९५१ साली आयव्ही यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे मरियामातेच्या चेहऱ्यात आयव्हींची छटा उमटू लागली.

गोव्यातील पोर्तुगीज राजवट १९६१ साली संपली. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीविषयक दस्तऐवजात सर्व लोकांच्या व प्रदेशांच्या कलेला ख्रिस्तसभेत मुक्त वाव दिला. फोन्सेका तोवर साठीला पोहोचले होते. डिसेंबर १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले.

आयव्ही यांनी ती चित्रे जिवापाड जपली. २००६ साली त्यांनी त्यांतील मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे सोपविला. साडीतील मरियामाता अशा रीतीने गोव्यात परतली.