रोजच्या भाकरीची याचना : पंडिता रमाबाई यांचे जीवन

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या बंधुभगिनींच्या प्रार्थना बहुधा फार साध्या असतात. कुणाचे कंत्राट संपत आलेले असते, कुणाचे घरभाडे थकलेले असते, कुणाला मुलांच्या शाळेची फी भरावयाची असते, तर कुणाच्या घरी आजारी वडील असतात. अशा लहानसहान गोष्टी परमेश्वरापुढे मांडाव्यात की नाही, असा संकोच अनेकांच्या मनात असतो. अडचण शेजाऱ्याला किंवा धर्मग्रामातील कुणाला सांगणे तर अधिकच कठीण वाटते. मागणे म्हणजे कमीपणा, अशी आपली समजूत असते. या संदर्भात आम्हांला आपल्याच पुणे जिल्ह्यात देह ठेवलेल्या एका थोर स्त्रीचे स्मरण होते. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे स्थानक आहे. तेथील मुक्ती सदनाच्या संस्थापिका पंडिता रमाबाई यांचे जीवन म्हणजे मागण्यातील नम्रतेचा एक दीर्घ पाठच आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. स्त्रियांना वेदविद्येपासून दूर ठेवण्याच्या त्या काळात त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले आणि त्या मातेने पुढे रमाबाईंना शिकविले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत गावोगाव हिंडत असे. मिळालेल्या दक्षिणेवर त्यांचा चरितार्थ चाले.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाने या कुटुंबाला गाठले. जवळचे द्रव्य दानधर्मात व व्रतवैकल्यांत संपून गेले होते. वडिलांची दृष्टी गेली होती. पोटाला अन्न नव्हते, तरी विद्वान ब्राह्मण घराण्याचा अभिमान आड येत होता. भीक मागणे लाजिरवाणे आणि अंगमेहनतीचे काम करणे त्याहून लाजिरवाणे, असे त्यांना वाटे. प्रथम वडील, पाठोपाठ आई आणि नंतर थोरली बहीण कृष्णाबाई यांचा अंत झाला. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास मागे राहिले आणि हजारो मैल पायी भटकले. उत्तरेकडे थंडीच्या रात्री अंगावर पांघरूण नसल्याने नदीकाठी वाळूत खड्डे खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन ही भावंडे निजत. आपल्या घराला त्या अभिमानाची किती जबर किंमत द्यावी लागली, हे रमाबाईंनी पुढे स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. आम्हांला वाटते, त्यांच्या पुढील जीवनाची गुरुकिल्ली येथे आहे.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्यांनी गौरविले. १८८० मध्ये श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. परंतु १८८२ च्या आरंभी पटकीने पतीचेही निधन झाले. तान्ह्या मनोरमेला घेऊन ही तेवीस वर्षांची विधवा पुण्यास आली. येथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांचे शिक्षण व स्त्री डॉक्टरांची गरज यांविषयी साक्ष दिली.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात राहिल्या. लंडनमध्ये या भगिनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करीत. विदुषी रमाबाईंच्या अंतःकरणाला कोणत्याही वादविवादापेक्षा त्या सेवेने अधिक स्पर्श केला. शोमरोनी स्त्रीकडे प्रभू येशूने विहिरीपाशी पाणी मागितले, हा संत योहानाच्या शुभवर्तमानातील प्रसंग त्यांनी त्या वेळी वाचला. स्वतः प्रभू मागणारा होतो आणि ज्या स्त्रीला कुणी जवळ करीत नाही तिच्याकडेच मागतो! २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह स्नानसंस्कार स्वीकारला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रमाबाई कॅथलिक नव्हत्या, आणि अँग्लिकन ख्रिस्तसभेतील आपल्या गुरुभगिनींशीही धर्मतत्त्वांबाबत त्यांचे मतभेद होत. पटल्यावाचून काहीही मान्य करावयाचे नाही, असा त्यांचा बाणा होता. काहींना यात नम्रतेचा अभाव दिसेल. आम्हांला तसे वाटत नाही. माणसांपुढे मान तुकविणे ही नम्रता नव्हे. नम्रता म्हणजे परमेश्वरापुढे आपण खरोखर जसे आहोत तसे उभे राहणे, हे त्यांच्या आयुष्याने दाखवून दिले.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाने तेथे मोठी खळबळ उडविली. बोस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळाने त्यांच्या कार्याला दहा वर्षे साहाय्य देण्याचे वचन दिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. सदनात मुलींवर धर्माची सक्ती नव्हती; मात्र रमाबाई प्रार्थनेला बसत तेव्हा खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पण रमाबाईंनी ना दार लावून घेतले, ना सदन बंद केले.

स्नानसंस्कारानंतर कित्येक वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळाला नाही, याची त्यांना जाणीव झाली. ब्रिस्टलच्या अनाथांचे पालक जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र त्यांनी वाचले आणि दैनंदिन गरजांसाठी परमेश्वरावर विसंबण्याची वाट त्यांना दिसली. १८९६ मध्ये लोणावळ्याच्या प्रार्थना मेळाव्यात त्यांच्याबरोबर पंधरा ख्रिस्ती मुली होत्या. तेथे त्यांनी पंधराच्या पंधरापट, म्हणजे २२५ जणींसाठी प्रार्थना केली. त्यांना पोसावयाचे कसे, याची काहीच तजवीज हाती नव्हती.

त्यानंतर मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. स्वतःची उपासमार आठवून रमाबाई तेथे धावल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून या मुलींना केडगावच्या सुमारे १०० एकर शेतावर आणले. आरंभी तंबू व झोपड्या हाच आसरा होता. हेच पुढे मुक्ती सदन झाले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. बोस्टनच्या मंडळाची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपली होती. मदत पुढेही येत राहिली. पण इतक्या जणींचे उद्याचे धान्य कुठून येईल, याची खात्री अनेकदा नसे. तेव्हा रमाबाई गुडघे टेकीत आणि धान्य, पाणी, कापड यांसाठी नावानिशी मागणे मांडीत. वडिलांच्या घरात जे हात मागावयास लाजले, तेच हात आता दोन हजारांसाठी पसरलेले होते.

परंतु मागून झाल्यावर त्या स्वस्थ बसत नसत. केडगावला विहिरी खणल्या गेल्या आणि शेती, विणकाम व छापखाना चालू झाला. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविली जाई. जी अंगमेहनत पूर्वी घराण्याला हीन वाटली, तीच येथे प्रार्थनेची सोबतीण झाली. समाजाने नाकारलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उभे राहिले. १९०५ मध्ये मुक्तीतील शेकडो मुली नियमित प्रार्थनेसाठी जमू लागल्या आणि त्या जागृतीची वार्ता देशोदेशी पोहोचली.

अखेरची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. पंडितांना नव्हे, तर अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल अशी भाषा त्यांना हवी होती. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. १९२१ मध्ये कर्तबगार कन्या मनोरमा आईच्या डोळ्यांदेखत गेली. त्या दुःखातही भाषांतराचे काम थांबले नाही. मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य लाभावे, एवढेच त्यांनी शेवटी मागितले, असे सांगितले जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी केडगाव येथे देह ठेवला.

प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत देवराज्याच्या याचनेपाठोपाठ रोजच्या भाकरीची याचना येते. ती मागणी प्रभूला क्षुल्लक वाटली नाही. मग आपण तिची लाज का बाळगावी? आज रात्री कुणाच्या घरी भाड्याची किंवा औषधाची चिंता असेल, तर त्यांनी ती संकोच न करता परमेश्वरापुढे मांडावी आणि गरज पडल्यास धर्मग्रामातील बंधुभगिनींनाही सांगावी. आणि ज्यांच्या घरी आज भाकर आहे, त्यांनी रमाबाईंप्रमाणे आपले दार उघडे ठेवावे. कदाचित शेजाऱ्याच्या प्रार्थनेचे उत्तर त्याच दारातून जावयाचे असेल.