हम्फ्री डेव्ही: मीठ फोडून दाखवणारा शास्त्रज्ञ आणि समुद्राकाठच्या गॅरेजची मोटर

समुद्राजवळच्या घराला गॅरेजचं दार आपोआप उघडणारा ओपनर बसवायचा म्हटलं की बहुतेकांचे प्रश्न ठरलेले असतात. मोटर किती ताकदीची? रिमोट किती लांबून चालतो? मोबाईलवरून दार उघडतं का? पण किनाऱ्यावर मोटर बहुधा ताकद कमी पडल्याने बंद पडत नाही. ती गंजून बंद पडते. साखळी आखडते, स्क्रू फुगतात, सर्किट बोर्डावर हिरवट थर चढतो. या गंजाचं मूळ शोधायला गेलं की दोनशे वर्षांपूर्वीचा एक माणूस भेटतो, त्याचं नाव सर हम्फ्री डेव्ही. शाळेत खाणकामगारांच्या सुरक्षा दिव्यापुरतं आपण हे नाव वाचलेलं असतं. आज त्यांची पूर्ण गोष्ट बघूया, आणि जाता जाता ओपनर कसा निवडायचा तेही समजून घेऊया.

किनाऱ्यावरचा मुलगा

डेव्हींचा जन्म १७ डिसेंबर १७७८ चा, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्स गावात. हे बंदराचं गाव, म्हणजे खारा वारा बारा महिने. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे. १७९४ मध्ये ते वारले आणि घरावर कर्जाचा बोजा राहिला. हम्फ्री पाच भावंडांत थोरला. पुढच्याच वर्षी तो गावातल्या एका शल्यवैद्याकडे उमेदवारीला लागला. औषधं कुटता कुटता त्याला रसायनांची गोडी लागली. कॉलेजचं तोंड त्याने कधी पाहिलं नाही, पुस्तकं वाचून आणि हाताने करून बघूनच तो शिकला.

१७९८ मध्ये तो ब्रिस्टलला एका संस्थेत गेला. तिथे निरनिराळे वायू हुंगवून रोग बरे होतात का, हे तपासायचं काम चालायचं. डेव्हींनी नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, स्वतःवरच वापरून पाहिला. त्याने वेदना कमी होतात आणि शस्त्रक्रियेत तो उपयोगी पडू शकेल, असं त्यांनी लिहूनही ठेवलं. पण त्याचा पाठपुरावा कोणी केला नाही, आणि रुग्णांना पुढची चार दशकं भूल न देताच चिरफाड सोसावी लागली.

मिठाचे दोन तुकडे

१८०१ मध्ये डेव्ही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आले. व्होल्टाची बॅटरी तेव्हा नवी होती. १८०७ मध्ये डेव्हींनी वितळवलेल्या कॉस्टिक पोटॅशमधून वीज सोडली आणि पोटॅशियम वेगळं केलं. काही दिवसांतच कॉस्टिक सोड्यातून सोडियम मिळवलं. १८०८ मध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम आणि स्ट्रॉन्शियम हातात आले. १८१० मध्ये त्यांनी पिवळसर हिरव्या, घुसमटवणाऱ्या एका वायूवर काम केलं. तो संयुग नसून मूलद्रव्य आहे, हे दाखवून त्यांनी त्याला क्लोरीन हे नाव दिलं.

आता हे दोन जोडून बघा. सोडियम अधिक क्लोरीन म्हणजे आपलं मीठ. किनाऱ्यावरच्या हवेत तेच मीठ बारीक कणांच्या रूपात असतं आणि गॅरेजमधल्या प्रत्येक पत्र्यावर बसतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतो. म्हणजे पाऊस नसला, छत गळत नसलं, तरी लोखंडावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. हा थर वीज वाहून नेतो. त्यामुळे धातूचा प्रत्येक डाग एक छोटीशी बॅटरी बनतो आणि लोखंड स्वतःलाच खात सुटतं.

म्हणून ओपनर घेताना फक्त आयपी रेटिंग बघू नका. आयपी ५४ मधला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याच्या शिंतोड्यांचा असतो. मिठाने धातू किती टिकेल, हे तो सांगत नाही. त्यासाठी मिठाच्या फवाऱ्याची वेगळी चाचणी असते. ती झाली आहे का आणि किती तास, हे विक्रेत्याला विचारा. सर्किट बोर्डावर ओलावारोधक लेप आहे का, हेही विचारा.

सुरक्षेचा दिवा आणि त्याची जाळी

एप्रिल १८१२ मध्ये डेव्ही सर झाले आणि तीनच दिवसांनी त्यांनी जेन अप्रीस या श्रीमंत विधवेशी लग्न केलं. त्याच वर्षी २५ मे रोजी उत्तर इंग्लंडमधल्या फेलिंग खाणीत स्फोट होऊन ९२ माणसं आणि मुलं मेली. खाणीतल्या ज्वलनशील वायूला उघड्या दिव्याची ज्योत लागायची. १८१५ मध्ये डेव्हींकडे मदत मागितली गेली. काही आठवड्यांतच त्यांना उत्तर सापडलं: ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी. जाळी उष्णता शोषून घेते, त्यामुळे ज्योत बाहेरच्या वायूपर्यंत पोचत नाही. या शोधाचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. जॉर्ज स्टीफन्सन यांनीही त्याच सुमारास स्वतःचा दिवा बनवला होता, त्यावरून मोठा वाद झाला.

पण जाळी लोखंडी तारेची आणि खाणी ओल्या. जाळी गंजली किंवा एखादी तार तुटली की दिवा सुरक्षित दिसायचा, पण असायचा नाही. शिवाय दिवा आहे म्हणून मालक आणखी धोकादायक भागात माणसं पाठवू लागले. त्यामुळे स्फोट काही थांबले नाहीत.

गॅरेजच्या दारालाही हेच लागू पडतं. अमेरिकेत १९९३ पासून घरगुती ओपनरला अडथळा ओळखणारी सोय सक्तीची आहे. बहुतेक ठिकाणी ती म्हणजे जमिनीपासून सुमारे १५ सेंटीमीटरच्या आत समोरासमोर बसवलेले दोन प्रकाश-सेन्सर. मध्ये मूल किंवा मांजर आलं तर खाली येणारं दार परत वर जातं. ओपनर कुठेही घ्या, ही सोय नसेल तर घेऊ नका. आणि असली तरी महिन्यातून एकदा तपासा. दार खाली येताना सेन्सरसमोर झाडू धरा. मग दाराखाली सुमारे ४ सेंटीमीटर जाडीची लाकडी फळी आडवी ठेवून दार सोडा. दोन्ही वेळा दार उलटं फिरलं पाहिजे. नाही फिरलं तर दुरुस्त होईपर्यंत मोटर बंद ठेवा.

तांब्याचा तळ आणि जस्ताचा तुकडा

१८२० मध्ये डेव्ही रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांच्या तळाला तेव्हा तांब्याचा पत्रा ठोकलेला असे. समुद्राचं पाणी तो पत्रा खाऊन टाकायचं आणि दुरुस्तीचा खर्च प्रचंड यायचा. यावर उपाय डेव्हींना विचारण्यात आला.

१८२४ च्या सुरुवातीला त्यांचं उत्तर तयार होतं. तांब्याला जस्त किंवा लोखंडाचा तुकडा जोडा. खाऱ्या पाण्यात तो तुकडा आधी झिजतो आणि तांबं वाचतं. प्रयोगांत असं दिसलं की तांब्याच्या क्षेत्रफळाच्या चाळीसाव्या ते दीडशेव्या भागाएवढं जस्तही पुरेसं होतं. त्याच उन्हाळ्यात डेव्ही नौदलाच्या वाफेच्या बोटीतून स्कँडिनेव्हियाच्या बाजूला जाऊन चाचण्या करून आले. आपल्या कोचीनला सागवानात बांधलेल्या सॅमरंग या युद्धनौकेलाही लोखंडाचे रक्षक तुकडे बसवले गेले. तांबं खरोखर वाचलं.

आणि इथेच गडबड झाली. तांबं थोडं थोडं विरघळत होतं, त्याच विषामुळे शिंपल्यासारखे जीव आणि शेवाळ तळाला चिकटत नव्हते. तांबं विरघळायचं थांबलं तसा त्यांनी तळावर मुक्काम ठोकला. जहाजं जड झाली, वेग घटला. काही वर्षांतच नौदलाने हे रक्षक तुकडे काढून टाकले आणि डेव्हींची जाहीर टिंगल झाली. रसायनशास्त्र चुकलं नव्हतं, पण प्रयोगशाळेच्या भांड्यात नसलेली एक गोष्ट समुद्रात होती.

त्याच १८२४ मध्ये त्यांचा एकेकाळचा मदतनीस मायकेल फॅरेडे रॉयल सोसायटीचा सदस्य होऊ पाहत होता. डेव्हींनी त्याला विरोध केला. तरीही फॅरेडे निवडून आला. १८२६ मध्ये डेव्हींना पक्षाघाताचा झटका आला, १८२७ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडलं. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात ते वारले. वय अवघं पन्नास.

डेव्हींकडून गॅरेजपर्यंत

त्यांच्या जस्ताच्या कल्पनेला पुढे दुसरी वाट मिळाली. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्टॅनिस्लास सोरेल यांनी लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, म्हणजे आपला गॅल्व्हनाइज्ड पत्रा. आज पोलादी जहाजांच्या तळाला जस्ताचे ठोकळे असतात. घरच्या गीझरमध्ये मॅग्नेशियमचा रॉड असतो, तोही टाकी वाचवायला स्वतः झिजतो.

किनाऱ्यावर ओपनर निवडताना याचा अर्थ असा:

* साखळीपेक्षा रबरी पट्ट्याचा ओपनर बरा. गंजायला भाग कमी आणि आवाजही कमी.
* रुळ, ब्रॅकेट आणि स्प्रिंग गॅल्व्हनाइज्ड घ्या. जस्त हळूहळू संपतं, त्यामुळे पांढरी भुकटी आणि नंतर लाल डाग दिसू लागले की भाग बदलायची वेळ आली असं समजा.
* केबल आणि बोल्टला स्टेनलेस घ्यायचं तर ३१६ ग्रेड मागा. ३०४ वर खाऱ्या हवेत तपकिरी डाग पडतात.
* धातूंची भेसळ टाळा. मोठ्या स्टेनलेस पट्टीत साधा लोखंडी स्क्रू बसवला तर स्क्रूच सगळ्यांच्या वतीने झिजतो आणि लवकर तुटतो.
* बॅटरी बॅकअप हवाच. वादळात वीज जाते आणि नेमकी तेव्हाच गाडी बाहेर काढायची असते.
* गॅरेज हवाबंद करू नका. खारा वारा अडवायला सगळ्या फटी बुजवल्या तर ओल्या गाडीची वाफ आतच कोंडते. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला झरोका ठेवा.

शेवटचं आणि महत्त्वाचं. दाराचं वजन मोटर नाही, स्प्रिंग पेलते. दार बंद असताना मोटरची आपत्कालीन दोरी ओढून मोटर सुटी करा आणि दार हाताने अर्ध्यावर उचला. ते तिथेच थांबलं तर स्प्रिंग ठीक आहे. खाली घसरलं तर आधी स्प्रिंग बघून घ्या, मोटर नंतर. आणि ताणलेल्या स्प्रिंगला स्वतः हात लावू नका, ते काम कारागिराचंच.