ग्रंथ आणि शलाका : तंजावरचे सरफोजीराजे

मराठी माणसाच्या ग्रंथप्रेमाचा इतिहास लिहावयाचा झाला, तर त्यातील एक मोठे प्रकरण महाराष्ट्रापासून दूर, कावेरीच्या खोऱ्यात घडलेले आढळते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाचे नाव आपल्या बहुतेक सभासदांनी ऐकले असेल. त्या ग्रंथालयाला वैभव प्राप्त करून देणारे दुसरे सरफोजीराजे भोसले हेही इतिहासाच्या वाचकांना अपरिचित नाहीत. परंतु हे राजे नेत्ररोगांचे साक्षेपी अभ्यासक होते, शस्त्रक्रियेच्या उपकरणांची पेटी बाळगून होते आणि त्यांच्या आश्रयाने उपचार झालेल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी त्याच ग्रंथालयात आजवर टिकून आहेत, ही गोष्ट तितकीशी माहीत नाही. मराठी मुलखाच्या सीमेवर मराठी ग्रंथांची शंभर वर्षे निगा राखणाऱ्या बालाघाटच्या वाचकांना तरी या चरित्राविषयी आपुलकी वाटेल, अशी खात्री आहे.

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात तंजावरला मराठी राज्याची स्थापना केली. तमिळ भूमी, तेलुगू नायकांचा वारसा आणि मराठी राजघराणे अशा त्रिवेणी संगमावर हे राज्य उभे होते. शहाजी, पहिले सरफोजी, तुकोजी, तुळजाजी या राजांनी विद्या आणि कला यांना उदार आश्रय दिला. मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्काटचा नवाब आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्या कचाट्यात सापडून हे राज्य कर्जबाजारी आणि परावलंबी झाले. अशा पडत्या काळात, २४ सप्टेंबर १७७७ रोजी सरफोजींचा जन्म झाला. ते भोसले घराण्याच्याच एका शाखेतील होते. पुत्रहीन तुळजाजीराजांनी १७८७ साली, मृत्यूच्या थोडेच दिवस आधी, या लहान मुलाला दत्तक घेतले आणि त्याच्या संगोपनाची जबाबदारी ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्यावर सोपविली.

दत्तकपुत्राला गादी लगेच मिळाली नाही. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी दत्तकविधानाला हरकत घेतली, कंपनीने ती उचलून धरली आणि अमरसिंह गादीवर आले. सरफोजींच्या वाट्याला राजवाड्यातील उपेक्षा आली. अखेर श्वार्ट्झ यांच्या खटपटीमुळे १७९३ मध्ये त्यांना मद्रासला हलविण्यात आले आणि तेथे त्यांच्या शिक्षणाला खरा आरंभ झाला. मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत यांच्या जोडीला इंग्रजी व अन्य युरोपीय भाषा, गणित, भूगोल, सृष्टिविज्ञान असे अनेक विषय त्यांनी आवडीने आत्मसात केले. ज्ञान पश्चिमेचे घेतले तरी धर्म आणि कुलाचार त्यांनी सोडला नाही. गुरूंचे ऋणही ते विसरले नाहीत. १७९८ मध्ये श्वार्ट्झ निवर्तले, तेव्हा जॉन फ्लॅक्समन या नामांकित इंग्रज शिल्पकाराकडून त्यांचे संगमरवरी स्मारक घडवून घेऊन त्यांनी ते तंजावरच्या चर्चमध्ये बसविले.

त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. परंतु १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या स्वाधीन झाला. राजांच्या हाती तंजावरचा किल्ला व त्याचा परिसर, सालीना एक लाख होनांची नेमणूक आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. वय अवघे बावीस वर्षांचे, अंगी हुशारी, आणि राज्य करावयाला राज्य नाही! अशा स्थितीत कितीएक संस्थानिक विलासात बुडाले, कितीएक दरबारी भांडणांत झिजले. सरफोजींनी आपली मिळकत आणि आपली तेहेतीस वर्षांची कारकीर्द विद्येला वाहिली. त्यांच्या चरित्राचे मर्म या निवडीत आहे.

नायक राजांच्या काळापासून चालत आलेला सरस्वती भांडार हा पोथ्यांचा संग्रह त्यांच्या हाती होता. त्यात त्यांनी ताडपत्रांवरील आणि कागदावरील हस्तलिखितांची मोठी भर घातली. १८२० च्या सुमारास मोठ्या लवाजम्यासह त्यांनी काशीयात्रा केली, तीतही ग्रंथसंग्रहाचे भान सुटले नाही. युरोपातून त्यांनी सुमारे साडेचार हजार मुद्रित ग्रंथ मागविले. त्यांत वैद्यक, शरीरशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायन या विषयांवरील ग्रंथ होते आणि पुष्कळांवर राजांची स्वाक्षरी आढळते. १८०५ मध्ये त्यांनी देवनागरी खिळ्यांचा छापखाना सुरू केला व ‘नवविद्याकलानिधी’ असे त्याचे नाव ठेवले. इसापनीतीच्या गोष्टींचा ‘बालबोधमुक्तावली’ हा मराठी अनुवाद तेथूनच निघाला. पुण्या-मुंबईत मराठी मुद्रण रुजण्याच्या कितीतरी आधीची ही हकीकत आहे. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा विस्तृत मराठी शिलालेख १८०३ साली कोरला गेला, तोही त्यांच्याच आज्ञेने.

मात्र कपाटात ग्रंथांची दाटी करून हे राजे थांबले नाहीत. ग्रंथात वाचले ते रुग्णाच्या उपयोगी पडले पाहिजे, अशी त्यांची दृष्टी होती. त्यासाठी त्यांनी धन्वंतरी महाल ही वैद्यकसंस्था उभारली. तेथे आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी या परंपरांचे वैद्य-हकीम आणि युरोपीय वैद्यक जाणणारे डॉक्टर एकत्र काम करीत. माणसांप्रमाणेच जनावरांसाठीही औषधे तयार होत. वनस्पतींची हुबेहूब रंगीत चित्रे काढवून घेतली जात. वैद्यांनी अनुभवाने पारखलेले उपचार तमिळ पद्यांत ग्रथित करण्यात आले. हे संग्रह ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ओळखले जातात आणि त्यांतील एक भाग केवळ नेत्ररोगचिकित्सेला वाहिलेला आहे. शरभेंद्र म्हणजे खुद्द सरफोजी. राजा मराठी, शास्त्र संस्कृत आणि इंग्रजी ग्रंथांतले, पण उपचारांची भाषा मात्र तमिळ ठेवली. कारण रुग्ण आणि वैद्य तमिळ होते.

डोळ्यांकडे त्यांचे विशेष लक्ष का गेले असावे, हे समजण्यासाठी त्या काळचे नेत्रवैद्यक ध्यानात घेतले पाहिजे. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया करण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी. सुश्रुतसंहितेत सांगितल्याप्रमाणे वैद्य डोळ्यात बाजूने शलाका घालून गढुळलेले भिंग दृष्टीच्या वाटेतून खाली ढकलीत असे. रुग्णाला ताबडतोब उजेड आणि आकार दिसू लागत. परंतु ढकललेले भिंग डोळ्यातच राहत असल्याने पुढे दाह होऊन डोळा कायमचा जाण्याची भीती असे. फ्रान्समध्ये झाक दाव्हिएल यांनी १७४७ मध्ये भिंग डोळ्याबाहेर काढण्याची नवी रीत योजिली आणि पुढे ती विद्वानांपुढे मांडली. तरीही जुनी रीत युरोपात आणि भारतात दीर्घकाळ चालू राहिली. १८०१ च्या इजिप्त मोहिमेहून परतलेल्या इंग्रज सैनिकांत डोळे येण्याच्या साथीने हाहाकार उडविला आणि नेत्ररोगांसाठी स्वतंत्र रुग्णालये असावीत हा विचार जोर धरू लागला. १८०५ मध्ये लंडनला आणि १८१९ मध्ये मद्रासला अशी रुग्णालये निघाली. म्हणजे सरफोजींचे प्रयत्न त्यांच्या काळातील सर्वांत ताज्या वैद्यकीय प्रवाहाशी जुळते होते.

शस्त्रक्रिया करणाऱ्याला तेव्हा किती थोडा आधार होता! शस्त्रक्रियेसाठी ईथरची भूल १८४६ मध्ये आली. डोळा बधिर करणारे कोकेन १८८४ मध्ये. डोळ्याचा अंतर्भाग पाहण्याचे हेल्महोल्ट्झ यांचे यंत्र १८५१ चे, आणि लिस्टर यांची जंतुनाशक शस्त्रक्रियापद्धती १८६७ ची. सरफोजींच्या हयातीत यांपैकी काहीच नव्हते. रुग्ण शुद्धीवर, डोळा हलता, प्रकाश खिडकीचा. बाहेरून दिसेल तेवढेच वैद्याला दिसे. म्हणून जे दिसले ते नीट पाहणे, लिहून ठेवणे आणि पुढच्या रुग्णाच्या वेळी पडताळणे हाच भरवशाचा मार्ग होता.

तंजावरच्या नोंदींचे मोल येथे कळते. सरस्वती महालात जपलेल्या या कागदांत चाळीसहून अधिक नेत्ररुग्णांच्या हकीकती आहेत. त्या इंग्रजीत लिहिलेल्या असून त्यांत रुग्णाची पूर्वपीठिका आणि त्याच्यावर झालेले उपचार तपशिलाने टिपलेले आहेत. शब्दांना जेथे मर्यादा पडते तेथे डोळ्यांची चित्रे साहाय्याला आली आहेत. यांतील काही शस्त्रक्रिया स्वतः राजांनी केल्या असे मानले जाते. शस्त्रक्रियेची पेटी ते प्रवासातही बरोबर नेत, असे राजघराण्याची परंपरा सांगते. प्रत्येक वेळी शलाका कोणाच्या हाती होती, हा प्रश्न अभ्यासकांनी खुशाल चर्चावा. नोंद ठेवण्याची शिस्त घालून देणारी बुद्धी राजांची होती, एवढे निश्चित.

उपचार आणि संशोधन यांतील अंतर अशा नोंदीनेच भरून निघते. वैद्याच्या हाताला यश असले तरी ते त्याच्याबरोबर जाते. घराण्यातील गुप्त विद्या म्हणून राहिले तर चार पिढ्यांत विझते. एका रुग्णाची हकीकत कागदावर उतरली की ती दुसऱ्या रुग्णाच्या हकीकतीशेजारी ठेवता येते. कोणता उपाय कोणाला मानवला, कोणाचा डोळा सुधारला आणि कोणाचा बिघडला, याची तुलना होऊ शकते. आज डोळ्याला इजा झालेला रुग्ण रुग्णालयात गेला की इजा केव्हा झाली, कशाने झाली, त्यावेळी दृष्टी किती होती आणि उपचारानंतर किती आली हे प्रथम लिहिले जाते. या शिस्तीची एक जुनी भारतीय पायरी तंजावरच्या राजवाड्यात सापडते.

राजांचा हा व्यासंग परक्यांच्याही लक्षात आला होता. १८२६ च्या मार्च महिन्यात कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले, तेव्हा लाव्हाझिए, लिनियस, बफाँ अशा शास्त्रज्ञांचे दाखले सहज देणारा हा हिंदू राजा पाहून ते चकित झाले. दानधर्माच्या बाबतीतही राजांनी कालोचित दृष्टी ठेवली. तंजावर प्रांतातील छत्रांमधून वाटसरूंना अन्न मिळेच. आजारी प्रवाशांना औषधोपचार मिळावा आणि मुलांना शिक्षण मिळावे, अशीही तजवीज होती. ओरत्तनाडू येथे १८०२ मध्ये उभारलेले मुक्तांबाळ छत्र हे त्याचे ठळक उदाहरण होय.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजांचे देहावसान झाले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्राविना वारले आणि कंपनीने तंजावर खालसा केले. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८५३ मध्ये, नागपूरकर भोसल्यांचे राज्य त्याच न्यायाने गेले होते. आपला वैनगंगेकाठचा मुलूख तेव्हा नागपूरच्या राज्यात मोडत असल्याने हा घाव आपल्या पूर्वजांनीही सोसला आहे. तंजावरला राज्याबरोबर धन्वंतरी महालाचा आधार गेला, वैद्यांचा मेळा पांगला. पोथ्या आणि कागद मात्र राहिले. बर्नेल या इंग्रज अधिकाऱ्याने केलेली तेथील संस्कृत हस्तलिखितांची सूची १८८० मध्ये प्रसिद्ध झाली. १९१८ मध्ये ग्रंथालय सार्वजनिक झाले आणि १९८३ मध्ये त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. पुढे २००३ मध्ये राजघराण्याच्या वंशजांनी चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे संस्थापक डॉ. बद्रीनाथ यांना या नोंदींविषयी सांगितले. आधुनिक नेत्रतज्ज्ञांचे लक्ष त्यांकडे वेधले जाण्यास, राजांच्या मृत्यूनंतर सुमारे पावणेदोनशे वर्षे लोटली होती.

इतकी वर्षे ते कागद कोणी वाचले नसतील, मागितलेही नसतील. तरी ते झाडून पुसून, कसरीपासून वाचवून ठेवणारे कोणीतरी होते. ग्रंथालयाच्या सेवकांचे हे काम लोकांच्या नजरेत भरत नाही. पण त्याखेरीज सरफोजीराजांचे नेत्रवैद्यक आज दंतकथेपलीकडे उरले नसते.

तंजावरप्रमाणेच बालाघाट हाही धानाचा मुलूख आहे. कापणी-मळणीच्या दिवसांत डोळ्यात कुसळ जाणे, त्याची जखम चिघळून बुबुळावर फूल पडणे, हे दोन्हीकडच्या शेतकऱ्यांचे दुःख आहे. आपल्याकडे त्यात मँगनीजच्या खाणींतील दगडाच्या कपच्यांची भर पडते. अशा वेळी डोळा न चोळता, घरगुती औषध न घालता, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे हे आज कोणीही जाणता सांगेल. ते इतक्या निश्चयाने सांगता येते, याचे कारण पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी रुग्ण पाहिले, लिहिले आणि लिहिलेले जपले. राज्य गमावलेल्या एका मराठी राजाने या तिन्ही कामांना आपला खजिना आणि आपले आयुष्य दिले. शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या आपल्या संस्थेने या प्रसंगी त्यांना वंदन करावे, हे सर्वस्वी उचित होय.