नायगावच्या सावित्रीबाई आणि आजीचा खोकला

शिरवळजवळ महामार्ग सोडून थोडं आत गेलं की नायगाव लागतं. ३ जानेवारी १८३१ रोजी खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी सावित्रीबाईंचा जन्म इथंच झाला. साताऱ्याची ही लेक शिक्षणासाठी काय काय झेलून उभी राहिली, ते शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. मी त्यावर लिहीत नाही. सरकारी रुग्णालयात तीसेक वर्षं काढल्यावर मला त्यांच्या आयुष्यात दुसरंच एक सूत्र दिसतं, ते तान्ह्या बाळांचं.

१८४० साली त्यांचं जोतीरावांशी लग्न झालं, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. १८६३ साली या नवराबायकोनं पुण्यात आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसलेल्या विधवांनी तिथं गुपचूप येऊन बाळंत व्हावं, वाटलं तर मूल तिथंच ठेवून जावं. बाळंतपणं आणि बाळांची उस्तवार सावित्रीबाईंच्या अंगावर होती. निर्जंतुक हा शब्दही ठाऊक नसलेल्या काळात, आईविना राहिलेलं बाळ जगवणं म्हणजे काय असेल, याची कल्पना आम्हा डॉक्टरांना जरा जास्तच येते. याच घरात जन्मलेलं एका विधवेचं बाळ त्यांनी १८७४ साली दत्तक घेतलं. त्याचं नाव यशवंत. तो पुढं डॉक्टर झाला. १८७६-७७ च्या दुष्काळात फुले दांपत्यानं उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवलं. १८९० मध्ये जोतीराव गेले, तरी बाईंचं काम थांबलं नाही.

१८९६ च्या पावसाळ्याच्या शेवटी मुंबईत मांडवी भागात प्लेगचे रोगी सापडले आणि काही महिन्यांत साथ पुण्यात पोचली. पुढं आपल्या भागानंही तिचा फार मार खाल्ला. वाळवा, तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी इकडच्या जुन्या घरांत अजून ऐकायला मिळतात. मुंबईत हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पण ती सामान्य माणसापर्यंत पोचायला वेळ लागणार होता. उंदरांवरच्या पिसवांचा संबंधही तोवर कुणाला कळला नव्हता. सिमाँड यांना तो १८९८ मध्ये सापडला.

पुण्यात यशवंतरावांनी हडपसरजवळ शेतात दवाखाना उघडला. सावित्रीबाई तिथं रोगी आणून पोचवत. मुंढव्याला गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं, तेव्हा सहासष्ट वर्षांच्या बाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. मुलगा वाचल्याचं सांगतात. बाईंना मात्र प्लेगनं गाठलं आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. हाफकिन यांनी सुई टोचून घेतली, त्याला त्या दिवशी बरोबर दोन महिने झाले होते.

ही तारीख आली की मला आमच्या बालविभागातला एक पलंग आठवतो. काही वर्षांपूर्वी पाच आठवड्यांचं एक बाळ आलं होतं. बाळाला खोकल्याची उबळ फारशी नव्हती. मध्येच श्वास थांबायचा आणि ओठ निळे पडायचे. डांग्या खोकला. इतक्या लहान बाळात तो असाच फसवा असतो, मोठ्यांसारखा हूप आवाज येईलच असं नाही. बाळाची आजी दारात उभी राहून खोकत होती. दीड महिना झाला म्हणाली, गुऱ्हाळाची धूळ लागली असेल. बाळाला तेल लावणं, शेक देणं, मांडीवर निजवणं, सगळं तीच करत होती. बाळ वाचलं, पण ऑक्सिजनवर बरेच दिवस काढून.

सावित्रीबाईंच्या बाबतीत आजार मुलाकडून मोठ्या माणसाकडे गेला. डांग्या खोकल्यात बहुतेक वेळा उलटं होतं. लहानपणी घेतलेली लस असो की होऊन गेलेला खोकला, संरक्षण काही वर्षांनी ओसरतं. मोठ्या माणसाला मग नुसता रेंगाळणारा खोकला होतो, आणि तो आई, भावंडं किंवा आजीआजोबांकडून बाळापर्यंत जातो. बाळाची पहिली पेंटाव्हॅलेंट लस सहाव्या आठवड्यात असते. त्याआधी त्याच्याकडे आईनं दिलेलं असेल तेवढंच.

आता साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, शिकलेली मुलं विचारतात की नातवंड यायच्या आधी आईवडिलांना टीडॅपचा बूस्टर द्यायचा का? माझं उत्तर सरळ हो असं नाही. पहिला हक्क गरोदर सुनेचा किंवा लेकीचा. सत्ताविसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात तिनं टीडॅप घेतली तर प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळतात. आजीनं घेतलेल्या लशीतून बाळाला असं काही मिळत नाही, शिवाय लस घेतलेल्या माणसाकडून जंतू पुढं जाणं पूर्ण थांबतंच असंही नाही. घरातल्या सगळ्यांना टोचून बाळाभोवती कोष करायचा प्रयोग अमेरिकेत झाला, पण सगळ्यांना गाठणं जमलं नाही. इंग्लंडनं २०१२ पासून गरोदर बायकांना लस द्यायला सुरुवात केली. जागतिक आरोग्य संघटनेचा कलही तिकडेच आहे.

आपली अडचण अशी की सरकारी दवाखान्यात गरोदरपणी मिळणाऱ्या टीडीत धनुर्वात आणि घटसर्प असतो, डांग्या खोकला नसतो. टीडॅप विकत घ्यावी लागते. सरकारी नोकरीत असूनही मी हे लिहिते, कारण दोन्ही नावं सारखी वाटल्यानं लस झाली असं समजून गेलेल्या बायका मला दर महिन्याला भेटतात. एकाच इंजेक्शनाचे पैसे असतील तर ते आईला द्या. दोन-तीन जमत असतील, तर बाळाला दिवसभर मांडीवर घेणाऱ्या माणसानं बाळ यायच्या निदान दोन आठवडे आधी घ्यावी. साठीपुढच्यांनी फ्लूची लस दरवर्षी घेतलेली बरी, ती त्यांच्या स्वतःच्या छातीसाठीही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ती देता येत नाही.

आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर आधी तपासून घ्या, क्षयाचीही चाचणी करा. तोवर बाळ दुसऱ्याच्या हाती द्या. पाचवीला, बारशाला घर भरतं, तेव्हा खोकणाऱ्या मामाला बाहेरच्या खोलीत बसवणं अवघड जातं, मला माहीत आहे. ती दारातली आजी पुढच्या नातवाच्या वेळी आमच्या ओपीडीत आली. सुनेला सातवा महिना लागला होता. लस कुठल्या औषधाच्या दुकानात मिळेल, एवढंच तिला विचारायचं होतं.