सरन्यायाधीश जॉन मार्शल

व्हर्जिनियाच्या सरहद्दीवरील रानमुलखात २४ सप्टेंबर १७५५ रोजी जॉन मार्शल यांचा जन्म झाला. पंधरा भावंडांत ते थोरले. शालेय शिक्षण बेताचेच. कायद्याची तर काही आठवड्यांची व्याख्यानेच काय ती त्यांस लाभली. स्वातंत्र्ययुद्धात व्हॅली फोर्जच्या छावणीतील १७७७-७८ चा भीषण हिवाळा मात्र त्यांनी वॉशिंग्टनच्या सैनिकांसमवेत सोसला. १८०१ साली ते अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले व १८३५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच आसनावर होते.

आमच्या मते त्यांचे खरे चरित्र १८०३ च्या एका निकालात आहे. मावळते राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्स यांनी विल्यम मार्बरी यांस एका लहानशा न्यायाधिकारपदी नेमले. नेमणूकपत्रावर मोहोर उमटली. परंतु ते हाती पडण्यापूर्वीच सत्तापालट झाला, आणि नवे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी ते अडविले. गंमत अशी, की ते पत्र पोचते करण्याची जबाबदारी तेव्हा परराष्ट्रमंत्री असलेल्या मार्शल यांचीच होती! आज असा न्यायाधीश त्या खटल्यास बसता ना.

पत्र देण्याचा हुकूम सोडावा, तर सरकार तो जुमानणार नाही. न सोडावा, तर न्यायालय भ्याले असे लोक म्हणणार. मार्शल यांनी निर्णय दिला, की मार्बरींचा हक्क खरा. पण असा अर्ज थेट या न्यायालयात आणण्याची मुभा देणारे १७८९ च्या कायद्यातील कलमच राज्यघटनेशी विसंगत, म्हणून रद्दबातल. लहानसा अधिकार सोडून त्यांनी केवढा मोठा अधिकार मिळविला!

अमेरिकेच्या घटनेत हा अधिकार स्पष्ट शब्दांत लिहिलेला नाही. तो या निकालाच्या आधारे रूढ झाला. तेथे कोणतेही न्यायालय समोरच्या खटल्यापुरता कायदा घटनेवर पारखून पाहते. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय मात्र खालच्या न्यायालयांस बंधनकारक असल्याने घटनाबाह्य ठरलेला कायदा पुस्तकात राहूनही निर्जीव होतो. ऑस्ट्रियाने १९२० मध्ये निराळी वाट धरली: या कामी एकच स्वतंत्र न्यायालय, आणि त्याने रद्द केलेला कायदा सर्वांसाठीच रद्द. आपल्या १९५० च्या राज्यघटनेने मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे अनुच्छेद १३ अन्वये शून्य ठरविले, व सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा सर्व न्यायालयांस अनुच्छेद १४१ अन्वये बंधनकारक केला.

मार्शल स्वतः गुलाम बाळगीत, हेही विद्यार्थ्यांपासून लपविणे बरे नव्हे. त्यांनी काँग्रेसचा दुसरा कोणताही कायदा पुन्हा घटनाबाह्य ठरविला नाही. तो अधिकार न्यायालयाने पुढे १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात वापरला, तो काही प्रदेशांतील गुलामगिरीची बंदी मोडण्यासाठी. आणि तो निकाल पुसण्यास यादवी युद्ध व घटनादुरुस्त्या लागल्या.