मोल्सवर्थसाहेबांचा कोश

१८१२ साली सोळा वर्षांचा एक इंग्रज मुलगा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती होऊन हिंदुस्थानात आला. हुद्दा एन्साइनचा, म्हणजे अधिकाऱ्यांतला अगदी खालचा. नाव जेम्स थॉमस मोल्सवर्थ. आपण दहावीच्या निकालाची वाट बघत होतो ते हे वय. त्या वयात आपल्याला इंग्रजीचा जितका धाक होता, तितकाच त्यांना मराठीचा वाटला असणार. फरक एवढाच की त्यांच्यासाठी गाइड नव्हते, क्लास नव्हते आणि धड शब्दकोशही नव्हता.

स्मरणिकेसाठी लिही म्हटल्यावर मला हेच गृहस्थ आठवले, त्याला कारण आपला बॅचचा ग्रुप. तिथे रोज सकाळी ‘आजचा अवघड इंग्रजी शब्द’ येतो, चार अंगठे मिळवतो आणि दुपारपर्यंत विसरला जातो. आपण मराठी माध्यमातले, पाचवीत एबीसीडी गिरवलेले. इंग्रजी शब्दसंपत्ती हा आपला जुना दुखरा कोपरा आहे आणि चाळिशी उलटली तरी तो दुखतो. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी तर तो फारच दुखायचा. म्हणून ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे मराठी आणि इंग्रजी शब्द शेजारी शेजारी मांडण्यात घालवली, त्या माणसाची हकिगत आपल्या कामाची आहे.

मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ चा. इथे आल्यावर ते हिंदुस्थानी आणि मराठी शिकले, परीक्षा उत्तीर्ण झाले. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि कंपनी सरकारला अचानक मराठी मुलखाचा कारभार बघायचा होता. मराठीचे कोश तेव्हा अगदीच नव्हते असे नाही. विल्यम कॅरी यांचा कोश १८१० साली श्रीरामपूरला मोडी लिपीत छापला गेला होता आणि १८२४ साली व्हान्स केनेडी यांचाही आला. पण त्यांवर कचेरीतला कागद वाचणे किंवा बाजारात बोललेले समजणे कठीणच होते. मोल्सवर्थ यांनी सोलापूरकडे नोकरीत असताना शब्द टिपायला सुरुवात केली होती. मोठा कोश करण्याची त्यांची योजना सरकारने आधी नाकारली, मग १८२५ साली मान्य केली. मदतीला जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ आले, तेही फौजेतलेच. आणि खरा आधार होता तो शास्त्री-पंडितांचा. त्यांच्याशिवाय यातले काहीच झाले नसते.

१८३१ साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. सुमारे ४० हजार शब्द. त्यात नुसते पोथ्यांतले शब्द नाहीत. शेतकऱ्याचे, सुताराचे, बायकांच्या बोलण्यातले, शिव्यांच्या जवळ जाणारे, सगळे आहेत. शब्द संस्कृतातून आला की फारसीतून, अरबीतून की हिंदीतून, याची खूण आहे. एखादा शब्द कोकणापुरता असेल तर तसे सांगितले आहे, कवितेपुरता असेल तर तेही. आमच्या कामात प्रत्येक फाइलवर ती कुणी, कधी, कुठून आणली याची नोंद ठेवतात. इथे ही शिस्त कागदावर, बोरूने पाळली गेली आणि तीही चाळीस हजार वेळा!

पण मला या कोशात सर्वांत मौल्यवान वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. मोल्सवर्थ एका मराठी शब्दापुढे एक इंग्रजी शब्द ठेवून मोकळे होत नाहीत. जवळजवळचे चार-पाच ठेवतात, मग कुठे कसा वापरतात ते समजावतात. किरकिर, कुरकुर, पिरपिर, भुणभुण यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागला नाही; तो आईच्या तोंडून ऐकून आला. अशा शब्दासाठी इंग्रजीत काय म्हणावे हे शोधायला त्या कोशात जा. आपल्या ओळखीच्या दारातून आत शिरलेले इंग्रजी शब्द डोक्यात राहतात, कारण त्यांना टांगायला खुंटी आधीच असते. ग्रुपवरच्या शब्दांना ती नसते. हे माझे मत. इंग्रजीच्या बाईंना पटेल असे वाटते, कारण आधी स्वतःच्या शब्दात अर्थ सांग, असा त्यांचाही आग्रह असे.

उलट बाजूचे काम, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश, जास्त अवघड निघाले. इंग्रजीत कल्पना आहे आणि मराठीत तिच्यासाठी शब्दच नाही, मग काय करायचे? संस्कृतातून नवा घडवायचा, की लोक म्हणतात तोच घ्यायचा? या कामात असतानाच मोल्सवर्थ यांची प्रकृती ढासळली आणि १८३६ साली ते मायदेशी परतले. थॉमस कँडी यांनी तो कोश पुरा केला, १८४७ साली. (मराठीत विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेयही याच कँडींना देतात. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मराठीला इंग्रजी वळण लागले अशी टीकाही पुढे झाली आणि ती अगदीच खोटी नव्हती.)

मोल्सवर्थ धर्माने वागणारे होते. सैनिकाची नोकरी आपल्या श्रद्धेत बसत नाही असे ठरवून त्यांनी ती सोडली आणि हक्काची पेन्शनही घेतली नाही. ज्यांची सगळी गणिते पीएफच्या आकड्यावर चालतात अशा माझ्यासारखीला हे वाचून थांबायला झाले.

१८५१ च्या सुमारास सरकारने त्यांना पुन्हा बोलावले. दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, सुमारे ६० हजार शब्दांची. तिच्या सुरुवातीला मराठी भाषेच्या घडणीवर डॉ. जॉन विल्सन यांचे टिपण आहे. ती तयार होत होती त्याच वर्षांत इकडे आपल्या दारात रूळ पडत होते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे, पुढच्या वर्षी कल्याण आणि १८५६ साली कल्याणहून खोपोलीकडे, म्हणजे अंबरनाथ-बदलापूरच्या शिवारातूनच. मोरिवलीच्या माणसाने धूर ओकणारी ती वस्तू पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिला नाव हवेच होते. पंडितांनी अग्निरथ म्हणून पाहिले. लोकांनी आगगाडी म्हटले आणि स्टेशन, तिकीट, सिग्नल सरळ उचलले. आज माझ्या ऑफिसात कुणी मीटिंग ‘प्रीपोन’ करतो, कोड ‘डीबग’ करतो, नव्याला ‘ऑनबोर्ड’ करतो. शब्द असेच कामाच्या जागी जन्मतात. प्रीपोन तर आपल्या हिंदुस्थानी इंग्रजीने जगाला दिलेला आहे. आणि इंग्रजीतला ‘माँगूस’ हा आपला मुंगूसच, बरे का! तेव्हा देणेघेणे एकतर्फी नाही.

१८६० साली मोल्सवर्थ कायमचे परत गेले आणि १८७१ साली इंग्लंडात क्लिफ्टन इथे वारले. बाबा पदमनजींनी १८६३ मध्येच त्यांच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती काढली होती. मूळ मोठा कोश १९७५ साली पुण्यात पुन्हा छापला गेला. आता शिकागो विद्यापीठाने तो पूर्ण टंकून इंटरनेटवर फुकट ठेवला आहे. मराठी शब्द टाका, नोंद समोर. लोकलमध्ये चौथी सीट मिळाली की मी हेच करत बसते.

आपल्या वर्गात मोरिवली, चिखलोलीकडची बरीच मुले होती, ज्यांच्या घरी आगरी बोलली जायची आणि शाळेत येताना ती दप्तराबाहेर ठेवावी लागायची. त्यांच्यासाठी एक काम आहे. संमेलनाला येताना आजीच्या तोंडचे दहा शब्द लिहून आणा, नांगर, जाळे, चूल, भांडण, कशाचेही. मी फोन चार्ज करून आणते. कोशात कोणते आहेत, कोणते नाहीत आणि असतील त्यांना साहेबांनी इंग्रजीत काय म्हटले आहे, ते जेवणाआधी बघू.